दहा मीटरांच्या आतले पाणी

बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली आणि तिच्या दक्षिण टोकाचे बोम्मसंद्रा हे नाव देशभरच्या बातम्यांत आले. होसूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत, औषधांचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने, त्यांच्याभोवती दाटलेली कामगारवस्ती, एवढीच बाहेरच्या माणसाला या गावाची ओळख. पण नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक जुनी गोष्ट दडलेली आहे. बोम्मसंद्रा, सिंगसंद्रा, जक्कसंद्रा, थणिसंद्रा या नावांतले ‘संद्रा’ म्हणजे झिजून लहान झालेले ‘समुद्र’, असे सांगितले जाते. ज्याने तलाव बांधला त्याच्या नावापुढे ‘समुद्र’ लावायचा, ही दक्षिणेतली जुनी रीत. मराठी मुलखाने तेच काम ‘सागर’ या शब्दाकडून करून घेतले. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात ते त्याच ओघात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या, एकही मोठी नदी नसलेल्या पठारावर इतके समुद्र असावेत, यात थोडी गंमत आहे आणि बरेचसे स्थापत्यशास्त्र आहे.

या समुद्रांना कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात. केरे खोदलेली नसते, अडवलेली असते. उथळ दरीच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची, पाण्याच्या बाजूला दगडाचे अस्तर लावायचे, पाळीच्या पायथ्याशी शेताला पाणी सोडणारी मोरी बसवायची आणि एका टोकाला, पाळीच्या माथ्यापेक्षा खाली, दगडी उंबरठ्याचा सांडवा ठेवायचा. मोरीला तिथे ‘तूबु’ म्हणतात आणि सांडव्याला ‘कोडी’. वरच्या तलावाची कोडी वाहू लागली की ते पाणी ओढ्याने खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या तलावात. केम्पेगौडाने १५३७ मध्ये बेंगळुरू वसवले तेव्हा आणि पुढे १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले तेव्हाही, या पठाराचे सारे जीवन अशा साखळ्यांवर चालत होते. पाणी कोणाला किती सोडायचे हे ठरवणारा ‘नीरगंटी’ गावोगाव असे. आपल्याकडच्या पाटकऱ्याचा तो सख्खा भाऊ म्हणावा. पाळीवर उंदराचे बीळ दिसले, ओलसर डाग दिसला, कोडीत झुडूप अडकले, तर ते सर्वांत आधी त्याच्या नजरेस पडे. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांची व्यवस्थाही फार वेगळी नव्हती. चांगला पाऊस होऊन कोडी वाहिली की गाव बागिना अर्पण करायला तलावावर जाई, आणि त्या निमित्ताने अवघे गाव वर्षातून एकदा सांडवा डोळ्यांनी पाहून येई. या विधीचे तांत्रिक मोल मोठे होते.

स्थापत्याच्या भाषेत केरे म्हणजे मातीचे लहान धरण. धरण म्हटले की मराठी वाचकाला १२ जुलै १९६१ आठवते, पानशेत आठवते, फार तर कोयनेची भिंत डोळ्यांपुढे येते. चार-पाच मीटर उंचीची, वर फिरायची वाट केलेली, कडेला बाके मांडलेली पाळ आठवत नाही. भौतिकशास्त्राला मात्र हा भेद मान्य नाही. मातीचे धरण मुख्यतः दोन प्रकारे जाते. एक तर पाणी माथ्यावरून वाहू लागते, मागच्या उतारावरची माती खरवडते आणि खाच तळापर्यंत उतरते. किंवा आत कुठेतरी, बहुधा मोरीच्या पाइपालगत किंवा मेलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळाच्या वाटेने, पाझर मातीचे कण घेऊन बाहेर पडू लागतो. पाझराची वाट रुंदावत जाते आणि एका क्षणी वरचे छत कोसळते. स्वच्छ पाझर ही मातीच्या धरणाची नैसर्गिक अवस्था आहे. गढूळ पाझर ही धोक्याची सूचना आहे. हा फरक ओळखायला पदवी लागत नाही, पण रोज तिथे जाणारा माणूस लागतो.

अशा तलावांच्या फुटण्याला कायद्याने कसे पाहिले, याचा एक महत्त्वाचा दुवा बेंगळुरूपासून फार दूर नाही. आजच्या आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात कार्वेटिनगर नावाची जमीनदारी होती. तिथले दोन तलाव मुसळधार पावसात फुटले आणि त्या लोंढ्याने मद्रास रेल्वे कंपनीच्या पुलांचे व बांधकामाचे नुकसान केले. कंपनीने जमीनदारावर दावा लावला. तिचा आधार ताजा होता. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६८ मध्ये ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात ठरवले होते की, ज्याने आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठवली, ती निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर हलगर्जी सिद्ध न होताही तो जबाबदार. तो खटलाही गिरणीसाठी बांधलेल्या एका लहान जलाशयाचाच होता. त्याचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते.

खटला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये निकाल लागला तो जमीनदाराच्या बाजूने. युक्तिवाद असा की, हिंदुस्थानातले तलाव ही कोणा धनिकाची हौस नव्हे. ते अतिप्राचीन आहेत, लाखोंची शेती त्यांवर उभी आहे आणि ते राखणे हे जमीनदाराचे परंपरेने आलेले कर्तव्य आहे. हवे तर तलाव मोडून टाकीन, असे म्हणण्याचा अधिकारही त्याला नाही. म्हणून लँकशरच्या गिरणीवाल्याचा नियम त्याला लागू होत नाही. हलगर्जी सिद्ध झाली तरच तो दोषी. निकालाचा तर्क त्या काळाला धरून होता, आणि न्याय्यही. मात्र त्याचा सगळा भार एका अटीवर होता: तलाव शेतीसाठी अपरिहार्य आहे. ही अट पुढे निघून गेली तर काय, हा प्रश्न १८७४ मध्ये कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

बेंगळुरूत ती अट हळूहळू निघून गेली. १८९० च्या दशकात हेसरघट्टाचे आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे पाणी नळाने आले, पुढे कावेरी आली. शहरातल्या तलावांचे पिण्याच्या पाण्याचे काम संपले. पाळीखालची शेते घरांखाली गेली, तेव्हा सिंचनाचेही काम संपले. काही तलाव बुजवून त्यांवर बसस्थानके आणि मैदाने झाली. उरलेल्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली १९८५ मध्ये समिती नेमली गेली. २००२ मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि काही तलाव नौकाविहारासाठी, उपाहारगृहांसाठी खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्यात आले. त्याविरुद्ध जनहित याचिका झाली व २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तलावांच्या सार्वजनिक स्वरूपाच्या बाजूने आदेश दिले. वाद पाण्याच्या मालकीचा होता, पक्ष्यांचा होता, मासेमारांच्या हक्काचा होता. पाळीच्या बळकटीचा प्रश्न त्यात फारसा आला नाही.

बोम्मसंद्राच्या शेजारी आनेकल तालुक्यात याच बदलाची उजळ बाजू दिसते. हेब्बगोडीचा तलाव उद्योगांच्या सामाजिक निधीतून स्वच्छ झाला, त्यावर तरंगत्या वनस्पतींचे ताफे सोडले गेले. क्यालसनहळ्ळीचा ३६ एकरांचा कोरडा पडलेला तलाव २०१७ मध्ये आनंद मल्लिगवाड या यंत्र-अभियंत्याच्या पुढाकाराने पुन्हा भरला आणि त्याचे नाव देशभर झाले. ही कामे मोलाची आहेत, यात शंका नाही. पण एक गोष्ट नजरेआड होते. गाळ काढून, पाळ उंचावून, पाणी साठवून तलाव जिवंत केला की त्यासोबत मातीचे एक धरणही पुन्हा कामाला लागते. कोरड्या तलावाची पाळ कोणाचे काही वाहून नेत नाही.

करमणुकीसाठी भरलेले धरण सिंचनाच्या धरणाहून वेगळे वागवले जाते, आणि फरक नेमका चुकीच्या जागी पडतो. शेतीचा तलाव उन्हाळ्यात रिकामा होतो; पाळ कोरडी पडते, मोरी दिसते, दुरुस्ती होते, आणि पहिला मोठा पाऊस सामावून घ्यायला जागा असते. नौकाविहाराचा तलाव कायम काठोकाठ हवा असतो. खाली शेत नाही म्हणून मोरी बंद होते, म्हणजे संकटात पाणी उतरवायची वाट बंद होते. पाळीवर सावलीसाठी झाडे लागतात. कोडीतून मासे किंवा कचरा जाऊ नये म्हणून जाळी बसते.

या साऱ्या चुका एका जागी, एकाच मालकाच्या हातून झाल्याची घटना जगाच्या इतिहासात नोंदलेली आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे सुमारे २२ मीटर उंचीचे मातीचे धरण कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले गेले आणि रेल्वे आल्यामुळे पूर्ण होता होताच निरुपयोगी झाले. १८६२ मध्ये ते अंशतः फुटले. १८७५ मध्ये ते विकत घेणाऱ्याने तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ पासून ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’कडे गेले, अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद. क्लबने जुने भगदाड बुजवले, पण तळाचे नळ परत बसवले नाहीत. घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून भिंतीचा माथा खाली करून रुंद केला. किमतीने आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. खालच्या जॉन्सटाउन गावातील केंब्रिया लोखंड कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपल्या अभियंत्याकडून धरणाची पाहणी करवून धोक्याची सूचना दिली; ती फेटाळली गेली. ३१ मे १८८९ च्या दुपारी, अतिवृष्टीनंतर, पाणी माथ्यावरून वाहिले आणि धरण गेले. तासाभराने लोंढा जॉन्सटाउनला पोहोचला. २,२०९ माणसे मेली. क्लबला न्यायालयात एका पैशाचीही जबाबदारी चिकटली नाही. त्या संतापातूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या न्यायालयांनी ‘रायलँड्स’चा नियम स्वीकारला, म्हणजे कार्वेटिनगरला जो नियम लावायचे नाकारले गेले, तोच करमणुकीच्या तलावाने तिकडे रुजवला.

मात्र सुरक्षेच्या वर्गीकरणाचा आजचा विचार जॉन्सटाउनमधून नव्हे, तर जॉर्जियातल्या एका फारच लहान धरणातून आला. टोकोआ फॉल्स येथील केली बार्न्स धरण: उंची सुमारे ११.५ मीटर, लांबी सुमारे १२० मीटर. आधी वीज करायचे, १९५७ नंतर फक्त विरंगुळ्याचा तलाव. खाली एका बायबल महाविद्यालयाची वसतिगृहे आणि घरे. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि ३९ जण मेले. धरणांच्या तपासणीचा अमेरिकी कायदा १९७२ मध्येच झाला होता, पण खासगी धरणांच्या तपासणीला पैसाच मिळाला नव्हता. राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वतः जॉर्जियाचे. त्यांनी लगेच तपासणीचा आदेश दिला. त्या मोहिमेत अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने धरणांची तीन वर्गांत विभागणी वापरली: कमी, लक्षणीय आणि उच्च धोका.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. ‘उच्च धोका’ म्हणजे धरण कमकुवत, असा अर्थ नाही. या वर्गीकरणात धरणाच्या प्रकृतीचा विचारच नसतो. धरण फुटलेच, तर खाली काय आहे, एवढाच प्रश्न असतो. नवेकोरे, निर्दोष धरणही उच्च धोक्याचे असू शकते, आणि रानात एकटे पडलेले भेगाळ धरण कमी धोक्याचे. यातून एक विलक्षण गोष्ट निघते: धरणाला बोट न लावता त्याचा वर्ग बदलू शकतो. खाली चार घरे बांधली की तेच धरण वरच्या वर्गात जाते. बोम्मसंद्राभोवतालच्या साऱ्या साखळ्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर हाच आहे. पाळी त्याच राहिल्या, खालची नाचणीची शेते गेली आणि कारखाने व इमारती आल्या.

भारताचा धरण सुरक्षा कायदा यायला फार काळ लागला. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ फुटून मोरबी उद्ध्वस्त झाले. महाराष्ट्राची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला १९८० मध्ये उभी राहिली. केंद्रीय कायदा मात्र डिसेंबर २०२१ मध्ये झाला आणि ३० डिसेंबरपासून अमलात आला. तो ‘विनिर्दिष्ट’ धरणांना लागू आहे. पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजून १५ मीटरांहून उंच असलेले प्रत्येक धरण त्यात येते. १० ते १५ मीटरांमधले धरण येते ते पुढीलपैकी एक गोष्ट असेल तर: माथ्याची लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर, पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, पायाच्या विशेष अडचणी किंवा असाधारण रचना. दहा मीटरांच्या आतले धरण ‘विनिर्दिष्ट’ ठरत नाही.

ही यादी अभ्यासकांना ओळखीची वाटेल. आंतरराष्ट्रीय मोठी धरणे आयोगाची, म्हणजे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयकोल्ड’ची, ‘मोठे धरण’ या शब्दाची जुनी व्याख्या जवळपास शब्दशः हीच आहे. ती व्याख्या जगातल्या मोठ्या धरणांची नोंदवही करण्यासाठी घडवली गेली होती. कोणाला मोजायचे हे ठरवण्याची मोजपट्टी येथे कोणाला जपायचे हे ठरवण्यासाठी वापरली गेली. कायद्यात धोक्याच्या वर्गीकरणाची तरतूद जरूर आहे, पण उंबरठा ओलांडून आत आलेल्या धरणांसाठी. खाली कोण राहते, हा प्रश्न उंची मोजून झाल्यावर विचारला जातो.

या मोजपट्टीत केली बार्न्स बसवून पाहावे. उंची ११.५ मीटर, म्हणजे मधल्या गटात. लांबी ५०० मीटरांच्या पाव भागाइतकी. साठा सुमारे ७.८ लाख घनमीटर, म्हणजे १० लाखांच्या आत. आकाराच्या निकषांवर, ज्या धरणामुळे अमेरिकेत तपासणी सुरू झाली ते धरण, भारतीय कायद्याच्या बाहेर राहिले असते.

बेंगळुरूच्या तलावांची स्थिती समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडेल. मातीचे धरण फुटल्यावरचा कमाल विसर्ग अंदाजण्यासाठी फ्रोलिख यांचे १९९५ चे अनुभवजन्य सूत्र प्रचलित आहे: साठ्याचा ०.२९५ वा घात, गुणिले पाण्याच्या उंचीचा १.२४ वा घात, गुणिले ०.६०७. केली बार्न्ससाठी ते सेकंदाला सुमारे ६७० घनमीटर देते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा अंदाज ६८० होता. (ज्या घटनांवरून सूत्र बसवले त्यांत हे धरणही होते, त्यामुळे या जुळणीचे फार कौतुक नको.) आता कल्पना करावी ती २० हेक्टरांच्या, सरासरी अडीच मीटर खोलीच्या, पाळीशी ५ मीटर पाणी असलेल्या तलावाची. बेंगळुरूत असे तलाव पुष्कळ. साठा ५ लाख घनमीटर. सूत्र उत्तर देते सुमारे २१० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे साडेसात हजार क्युसेकच्या आसपास. खडकवासल्याच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्या पुणेकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तो विसर्ग नदीच्या पात्रात जातो. हा २० मीटर रुंदीच्या रस्त्यात येईल, आणि सेकंदाला ४ मीटर वेगाने धावला तरी पाण्याची खोली अडीच मीटरांवर जाईल. पाणी पसरेल, ओसरेल, प्रत्यक्षातले आकडे बदलतील; पहिल्या काही घरांसाठी मात्र फारसे बदलणार नाहीत.

सांडव्यांचे मानकही आकारावरच चालते. आय.एस. ११२२३ या १९८५ च्या मार्गदर्शक संहितेनुसार ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठ्याचे धरण ‘लहान’, आणि त्याच्या सांडव्याने शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर वाहून न्यावा. खाली वस्ती असेल तर अधिक मोठा पूर धरावा, अशी मुभा संहिता देते. पण शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता; पन्नास वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ३९ टक्के. आणि हा पूर ज्या पाणलोटावरून काढायचा, त्यावर माती होती तेव्हा एक उत्तर येते, काँक्रीट आले की दुसरे.

हुळिमावु हे बोम्मसंद्राहून फार लांब नाही. २४ नोव्हेंबर २०१९, रविवार. पावसाचे संकट नव्हते. तलावाच्या पाळीलगत यंत्राने खोदकाम झाले आणि पाळ फुटली. शेकडो घरांत पाणी शिरले, माणसे होड्यांतून बाहेर काढावी लागली. जीवितहानी झाली नाही, याचे मोठे कारण घटना दिवसाउजेडी घडली हे असावे. त्याच महिन्यात होसकेरेहळ्ळी तलावाचीही पाळ फुटली होती. त्याच वर्षी २ जुलैला रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्री फुटले आणि २३ जण वाहून गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तिवरे नव्या कायद्याच्या उंचीत बसते. हुळिमावुसारख्या पाळी बसत नाहीत.

देशातील जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २४,२४,५४० साठे नोंदले गेले. विनिर्दिष्ट धरणे साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. उरलेल्या साठ्यांतले बहुसंख्य निरुपद्रवी असणार: शेततळी, डबकी, खोदलेली तळी, रानातले पाझर तलाव. त्यांतले कोणते वस्तीच्या डोक्यावर आहेत, हे शोधायला प्रत्येक पाळीवर अभियंता पाठवण्याची गरज नाही. उपग्रहाची चित्रे आणि भूपृष्ठाच्या उंचीचे नकाशे आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही फुकट मिळतात. पाळीची उंची, साठ्याचा अंदाज आणि खालच्या पहिल्या एक किलोमीटरातली घरे, एवढ्यावर पहिली चाळणी होते.

दुसरी चाळणी पायी करायची असते. पाळीच्या मागच्या पायथ्याने चालत जावे, पाण्याच्या बाजूने नव्हे. उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत कुठे आहे ते पाहावे. पाझर दिसला तर तो ओंजळीत घेऊन निवळ आहे की गढूळ ते पाहावे. जुन्या मोरीचे तोंड शोधावे. ते फिरायच्या वाटेखाली गेले असण्याचा संभव मोठा. मग कोडीवर जावे. तिचा दगडी उंबरठा बहुधा शाबूत असतो. त्यावर पाणी थोडे अधिक साठावे म्हणून नंतर कोणी विटांचा थर चढवला आहे का, एवढे तिथे पाहायचे.